अवघड जागेची काळी गाठ

रत्नम्माला रक्त पडत होतं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. चाकूरच्या बाजारात खाली मुलाचं भांड्यांचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या. संडास दुकानामागच्या बोळात. तिथे जायचं तर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत जावं लागायचं, म्हणून ती उजाडायच्या आत जाऊन यायची. डाग पडलेलं कापड स्वतः धुवायची आणि दुसऱ्या लुगड्याखाली वाळत घालायची.

वय त्र्याहत्तर. मूळव्याधच असणार म्हणून तिने तिखट सोडलं. "बसताना दुखतंय," एवढंच सांगितल्यावर मुलगा संगमेश्वर तिला गावातल्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. पण "तपासावं लागेल," असं त्यांनी म्हणताच ती उठून उभी राहिली.

"तपासायचं न्हाई. नुसत्या गोळ्या द्या."

त्यांनी दिल्या.

एके सकाळी दुकान उघडल्यावर पुन्हा जावं लागलं, आणि संडासात तिला घेरी आली. उठता येईना. कडी आतून लावलेली, भिंतीपलीकडे संगमेश्वर कुणाला तरी पातेलं दाखवत होता. हाक मारली तर त्याला ऐकू जाणार. ती तशीच भिंतीला टेकून बसून राहिली. बऱ्याच वेळाने शोधत आलेल्या सुनेचा, तनुजाचा आवाज ऐकला, तेव्हा तिने कशीबशी कडी सरकवली.

तनुजाने खाली पाहिलं. "आत्याबाई, हे कवापासून?"

"दिवाळीपासून. संगूला सांगू नको."

तनुजाने त्याच दिवशी सांगितलं.

लातूरला बाई डॉक्टर होत्या, डॉ. अक्षरा. रत्नम्मा कुशीवर वळून, डोळे घट्ट मिटून पडून राहिली. तपासणी लवकर आटोपली. आत जांभळासारखी काळी गाठ होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: मेलॅनोमा.

"तो तर कातडीचा कॅन्सर असतो ना?" संगमेश्वर म्हणाला. त्याने मोबाइलवर वाचलं होतं.

"अंगाला रंग देणाऱ्या पेशी आतल्या अस्तरातही थोड्या असतात. फार क्वचित तिथेच कॅन्सर होतो, आणि बहुतेक उतारवयात. मूळव्याध समजून लोक अंगावर काढतात." सगळ्या अंगाचा स्कॅन झाला होता, दुसरीकडे काही दिसलं नव्हतं. "दोन वाटा आहेत. एक, नुसती गाठ काढायची. दोन, गुदद्वारच काढून पोटावर कायमची पिशवी लावायची."

"मुळासकट काढा," संगमेश्वर म्हणाला.

"त्याने आयुष्य वाढेलच असं नाही. या आजारात तरी तसं दिसलेलं नाही."

"तरीबी, म्याडम. मागं काही ठेवू नका."

रत्नम्मा दोघांच्या मधल्या खुर्चीत बसून होती. तिच्या डोक्यावरून बोलणं चाललं होतं. तिने गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं.

"माझं बूड, न् इचार तुमी करायलाव?" ती म्हणाली. "पोटाला घाणीची पिशवी बांधून मी लिंगपूजा कशी करू?"

"आत्याबाई, आपल्या लिंगायतांत सुतक-विटाळ पाळत न्हाईत," तनुजा हळूच म्हणाली.

"ते मठातल्या स्वामीला ठावं. मला जमायचं न्हाई."

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. "आजी, लहान ऑपरेशन केलं तरी हे परत येऊ शकतं. पिशवी लावली तरी येऊ शकतं."

"मग लहानच करा."

चाकूरला परतताना संगमेश्वर मोबाइलवर पिशवीच्या ऑपरेशनचंच वाचत बसला.

लहान ऑपरेशन झालं, जखम भरली. पावसाळा संपता संपता स्कॅनमध्ये यकृतावर दोन ठिपके दिसले. "मी सांगितलं होतं," संगमेश्वर पुटपुटला, आणि लगेच रडायला लागला. रत्नम्माने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःला रडू येत नव्हतं.

मग प्रतिकारशक्ती वाढवणारं औषध सलाइनमधून सुरू झालं. ठिपके वाढायचे थांबले. पण त्याच औषधाने पोट बिघडलं. जुलाब आवरेनात. डॉक्टरांनी औषध बंद ठेवून दुसऱ्या गोळ्या दिल्या. घरच्यांनी वरच्या मजल्यावरच संडास बांधून घेतला, आणि रत्नम्माचं जग त्या दारापासून खाटेपर्यंत उरलं. जिना उतरायचीही तिला भीती वाटे.

"बरी झाले का मी?" तिने डॉक्टरांना फोनवर विचारलं.

"आजार थांबलाय, आजी. गेला नाही."

"किती दिस थांबतंय?"

"ते मलाही सांगता येणार नाही."

माघात उदगीरला धाकट्या बहिणीच्या, शिवम्माच्या नातीचं लग्न होतं. रत्नम्माने इरकल लुगडं नेसलं, गाडी दारात आली, आणि पोटात कळ आली. एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी तिनेच मुलाला आणि सुनेला जायला सांगितलं. तनुजा मागे राहते म्हणाली, तर तिच्यावर ओरडली.

दुपारी शिवम्माचा फोन आला. मागे वाजंत्री वाजत होती. "अक्का, का आली न्हाईस? संगू म्हणतो, तब्येत बरी न्हाई. काय झालंय तुला?"

रत्नम्मा नेहमीसारखं 'पित्त' म्हणणार होती.

"परसाकडच्या जागी क्यान्सर झालाय मला," ती म्हणाली. "रगत पडत होतं. लाजेनं सांगितलं न्हाई."

पलीकडे वाजंत्री लांब गेली. शिवम्मा कुठेतरी आडोशाला गेली असावी.

"शिवम्मा?"

"माझंबी पडतंय गं, अक्का," बहीण कुजबुजली. "लई दिवसांपासून."

रत्नम्मा खाटेच्या काठाला धरून उभी राहिली. "लग्न होऊ दे. उद्या पोराला घेऊन लातूरला जा. नुसती मूळव्याधबी असंल. पण दाव."

"बाई डॉक्टर हाय का?"

"हाव. बाईच हाय. डोळे मिटून पडून राहायचं, बस."