पहिला सूर माझा

मी व्हायोला बोलतोय. व्हायोलिन नव्हे. त्याच्याहून मी थोडा लांब, आवाजाने जाड. लोक मला त्याचा थोरला भाऊ म्हणतात, पण ऐकतात धाकट्याचंच.

ज्या कारागिराने मला घडवलं त्याला घाई नव्हती. म्हणून मी टिकलो. दोन दुकानांत धूळ खाल्ली. मग एका कुलूपवाल्याने मला घरी नेलं. हात खरखरीत, बोटं हलकी. कुलपातला खटका ऐकून त्याचा कान तयार झाला होता. मला असाच धनी हवा होता.

दर रविवारी चौघे जमत. दातांचे डॉक्टर पहिलं व्हायोलिन वाजवत, त्यांची बहीण दुसरं. पाववाल्याकडे चेलो. आणि आम्ही. वर्षातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम. त्यात दरवर्षी एका अमेरिकन संगीतकाराची तीच गाजलेली रचना. तिच्यात माझं काम मागे उभं राहून हुंकार भरण्याचं. अठ्ठावीस वर्षं भरला. कुरकुर केली नाही.

त्याच संगीतकाराची दुसरी एक रचना धन्याला जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली. चौघांच्या स्वरलिपीचे कागद, कुणी न वापरलेले. ती एकट्या व्हायोलापासून सुरू होते. बाकीचे तिघे गप्प.

"काका, हे कोण ऐकणार?" डॉक्टर म्हणाले. "लोकांना ओळखीचंच लागतं."

"ओळख करून दिल्याशिवाय ओळख होते होय?" धनी म्हणाला.

बहीण हसली. "दादा, सरावाच्या शेवटी एकदा वाजवू या की. काय बिघडतंय?"

तसं सुरू झालं. पाववाला आधी घड्याळ बघत वाजवायचा. पुढे बघेनासा झाला. पण कार्यक्रमात ती घ्यायला डॉक्टर तयार होईनात.

इकडे धन्याची बोटं आखडत चालली. "हे आपलं शेवटचं वर्ष," एकदा माझी पेटी बंद करताना तो म्हणाला. फक्त मला.

कार्यक्रमाचा दिवस. सभागृह भरलेलं. गाजलेल्या रचनेचे कागद डॉक्टर पत्र्याच्या डब्यात कुलूप लावून ठेवत. त्या दिवशी किल्ली घरी राहिली.

पाववाला खदखदून हसला. "कुलूपवाला सोबत असताना कसली काळजी? काका, उघडा!"

"हत्यारं नाहीत," धनी म्हणाला.

हत्यारं माझ्याच पेटीत होती, गजाला लावायच्या राळेच्या डबीशेजारी. तो खोटं बोलला ते तेवढंच. मी साक्षीला होतो आणि मला लाज वाटत नाही.

"त्या दुसऱ्या रचनेचे कागद आहेत माझ्याकडे."

डॉक्टरांनी पडद्याआडून लोकांकडे पाहिलं. "चला, घ्या मग."

पहिला सूर माझा. आखडलेलं बोट तारेवर दाबलं गेलं आणि ते हललं नाही. सभागृहात खोकणारे खोकायचे थांबले. मग चेलो आला, मग दोन्ही व्हायोलिनं, आणि मी कुणाच्या मागे नव्हतो.

रचना संपली. मग अख्खं सभागृह उठलं. पुन्हा वाजवायला लावलं. गाजलेली कुणी मागितलीसुद्धा नाही.

आवराआवर करताना डॉक्टर राळ मागायला आले. पेटीत डोकावले. एक हत्यार उचललं, परत जागेवर ठेवलं. मग झाकण हळूच खाली केलं.

"काका," ते म्हणाले, "पुढच्या वर्षीही हत्यारं विसरा."

आता मला डॉक्टरांची बहीण वाजवते; दुसऱ्या व्हायोलिनवर तिची एक शिष्या आली आहे. धनी पहिल्या रांगेत बसतो, हात मांडीवर ठेवून. त्या संगीतकाराच्या आणखी तीन रचना आम्ही शोधल्या आहेत.

तुम्हाला एकच सांगतो. कुणाचं एक गाजलेलं ऐकून उठू नका. बसा. त्याचं अजून बाकी असतं.