खालच्या आळीचा राजा

आकारामनं वर्गात तोंड उघडायलाच नको होतं. पण त्याचा स्वभावच तसा. मनात आलं की ओठावर आलंच.

सांगलीच्या कॉलेजात शरच्चंद्र सर बी. ए.च्या पोरांना वाङ्मय शिकवायचे. त्या दिवशी विषय होता कला आणि राजकारण. दर साली परीक्षेत हटकून यायचा आणि दर साली पोरं तीच चार पानं घोकून लिहायची. सर म्हणाले, नाटकावर राजकारणाचं ओझं लादलं की नाटक मटकन खाली बसतं. त्यातून एखाद्या बहाद्दरानं विचारांचं नाटक लिहिलंच, तर ते कळायला तयार मन लागतं. खेड्यातल्या प्रेक्षकाला राजा पाहिजे, तलवार पाहिजे, दोन ठसक्याची गाणी पाहिजेत. त्याच्यापुढं लोकसत्ता मांडून काय उपयोग? वर्ग खदाखदा हसला.

हसणारी निम्मी पोरं खेड्यातलीच होती, याचाच आकारामला राग आला. तो उठला. म्हणाला, "सर, माझं गाव तीन वर्षं सरकारशिवाय चाललंय. त्याला लोकसत्ता शिकवायला नको."

हे खोटं नव्हतं. बेचाळीसनंतर सातारा जिल्ह्यात गोऱ्या साहेबाचा हुकूम कागदावरच राहिला होता. आकारामच्या पिंपरवडीत चोरीमारी, बांधाची भांडणं, सगळं पंच मिटवायचे आणि लोक ते मानायचे. पोलीस हुडकत असलेली माणसं उसाच्या फडात राहायची, आणि आकारामची आई बनुबाई वैरणीच्या भाऱ्यात भाकऱ्या घालून त्यांना पोचवायची. अशा गावाला कळत नाही म्हणजे काय? त्यानं तिथल्या तिथं सांगून टाकलं, चैत्रात आमची जत्रा आहे, मी नाटक लिहितो, गावच्या लोकांना घेऊन करतो, तुम्ही या आणि बघा.

सर माणूस सरळ होते. ते म्हणाले, "येतो. गावाला कळलं तर मी याच वर्गात माझी चूक कबूल करीन." तू हरलास तर काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. आकाराम सांगलीला शिकायला आला होता तो आपल्या माणसांसाठी लिहायचं म्हणून. त्या माणसांनाच कळत नसेल तर लिहायचं कुणासाठी? या वर्गातल्या हसणाऱ्यांसाठी? त्यापेक्षा गावी जाऊन उसाला पाणी पाजलेलं काय वाईट?

दोन महिने त्यानं दुसरं काही केलं नाही. सांगली म्हणजे संस्थान. राजाच्या गावात बसून राजा घालवायचं नाटक लिहायचं, याची त्याला मोठी गंमत वाटायची. नाटकात एक राजा होता, उद्दाम आणि ऐदी. शेवटच्या अंकात गावोगावची रयत दरबारात येते, त्याच्या डोक्यावरचा मुकुट उतरवते, गादी मोकळी ठेवते आणि स्वतःचा कारभार स्वतः करायला लागते. तो मोकळ्या गादीचा प्रवेश लिहिताना आकारामच्या डोळ्याला पाणी आलं होतं. खरंच चांगला लिहिला होता त्यानं.

आणि या सगळ्या अभ्यासात हा शहाणा आपल्याच गावची एक रीत साफ विसरला.

पिंपरवडीत जत्रेच्या नाटकात राजा कुणी व्हायचं हे नाटक लिहिणारा ठरवत नाही. ती पाळी असते. एका साली वरच्या आळीचा राजा, दुसऱ्या साली खालच्या आळीचा. गळा असो नसो, सोंग शोभो न शोभो, पाळी म्हणजे पाळी. तो आळीचा मान. बेचाळीसच्या चैत्रात वरच्या आळीनं राजा केला. हीच आकारामची आळी. त्याच पावसाळ्यात धरपकड सुरू झाली, जमावबंदी आली आणि नाटक बंद पडलं ते पडलंच. खालची आळी आपल्या पाळीची वाट बघत चार वर्षं बसून होती. म्हणजे शेहेचाळीस साली नाटक करायचं, तर राजा खालच्या आळीचा. आणि आकाराम तर राजाला गादीवरून खाली ओढणारं नाटक बगलेत मारून आलेला!

खालच्या आळीनं राजा म्हणून ज्ञानूला उभं केलं. ज्ञानू आकारामच्याच वयाचा, लहानपणी त्याच्याबरोबर नदीत डुंबलेला, अंगानं धिप्पाड आणि मनानं लोणी. चौथीत शाळा सोडलेली, पण आवाज असा की नदीपलीकडं जावा. मारुतीच्या देवळात नाटक वाचून दाखवायचं ठरलं. पहिले दोन अंक झकास गेले. राजाच्या एकेका वाक्याला खालची आळी माना डोलवत होती. तिसरा अंक सुरू झाला आणि माना डोलायच्या थांबल्या. वाचन संपलं.

शेवटी ज्ञानूचा चुलता धुळातात्या खाकरला. "आकाराम, तुमच्या आळीचा राजा बेचाळीसला शत्रूला जितून मिरवत आला हुता. चार वर्सांनी आमची पाळी आली, तर ह्याच साली राजा पडतुय व्हय?"

आकारामनं डोक्याला हात लावला. मग त्यानं समजावून सांगितलं. सत्ता म्हणजे काय, ती कुठून येते, एका माणसाच्या डोक्यावरचा मुकुट हा मुळात सगळ्यांचा कसा, पुस्तकात होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. लोकांनी मन लावून ऐकून घेतलं. त्यांना पटलंसुद्धा. धुळातात्या म्हणाला, परजेचं राज्य हुंदे की, झकास हाय, फकस्त राजाला राहू दे. आता बोला! हाच धुळातात्या तीन वर्षं पंचात बसून न्याय करत होता. फौजदार आला तर त्याला पाणी विचारायचा नाही. आणि नाटकातला पुठ्ठ्याचा मुकुट म्हटलं की याचा जीव कासावीस. आकारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच माणसांवर इतकं चिडायला लागतं, याचीच त्याला जास्त चीड आली.

मग सुरू झाली ओढाताण. राजाला दोरखंडानं बांधायचं नाही, कबूल. राजानं गयावया करायची नाही, कबूल. राजाला उद्दाम म्हणायचं नाही, बरं बाबा, नाही म्हणत. रोज सकाळी धुळातात्या एक नवी अडचण घेऊन दारात हजर, आणि रोज आकाराम नाटकातलं एक वाक्य खोडतोय. शेवटी तर त्याला वाटायला लागलं की आपण नाटक लिहिलंच नाही, नुसती कबुलात लिहून देतोय. बनुबाईनं एकदा विचारलं, एवढा जीव जाळून घेतुस, तर त्यो राजा मरतोय का जगतोय त्यानं तुजं काय अडलं? तो जेवणावरून तसाच उठला.

अखेर एका गोष्टीवर येऊन ठेपलं. राजाला कुणी हात लावायचा नाही. त्यानं आपण होऊन उठायचं, मुकुट काढून गादीवर ठेवायचा आणि रयतेत येऊन बसायचं. धुळातात्या नाखुशीनं का होईना, तयार झाला. ज्ञानू तर मनापासून तयार झाला. आकारामलासुद्धा मग वाटलं, काय वाईट आहे? हे कदाचित जास्तच चांगलं.

त्या दिवसांत त्याला खरा आधार होता तो हंबीररावाचा. हा त्याचा सख्खा चुलता, ब्रह्मदेशची लढाई करून नुकताच परतलेला हवालदार. तो आणि वरच्या आळीची पोरं एकही तालीम चुकवायची नाहीत. पुढं बसायची, शेवटच्या प्रवेशाला मांड्यांवर थापा मारायची. हंबीरराव म्हणायचा, आकाराम, लय भारी लिवलंयस, ह्या साली राजा उठलाच पायजे गड्या. आकारामला भरून यायचं. गावात निदान निम्म्या लोकांना तरी विचार कळलाय, असं त्यानं सरांना पत्रानं कळवून टाकलं.

नाटक दिवसाढवळ्याच ठेवावं लागलं, कारण रॉकेल रेशनवर आणि बत्त्या पेटवायच्या कशावर? जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलल्यावर, देवळापुढच्या चौथऱ्यावर पडदा लागला. सरांना टेशनावरनं बैलगाडीनं आणलं होतं. धोतरावर फुफाटा बसलेला, पण खुर्चीत उत्सुकतेनं बसले होते. डाव्या अंगाला वरची आळी, उजव्या अंगाला खालची आळी. बाया देवळाच्या ओवरीत.

नाटक रंगलं, यात शंका नाही. ज्ञानू मुकुट घालून आला आणि खालची आळी उभीच राहिली. त्याच्या आईच्या, हरणाबाईच्या, डोळ्याला पदर लागला. ज्ञानूनं एक वाक्य चुकवलं नाही. सर पुढं वाकून बघत होते. पडद्याआड वही धरून बसलेला आकाराम एकेक वाक्य ओठातल्या ओठात म्हणत होता.

शेवटचा प्रवेश आला. रयत दरबारात येऊन उभी राहिली, तिच्या म्होरक्यानं आपलं म्हणणं मांडलं. आता ज्ञानूनं उठायचं. ज्ञानू बसून राहिला.

आकारामनं आडून वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. ज्ञानूनं मुकुटाला दोन्ही हात लावले आणि तसेच ठेवले. त्याची नजर समोर, आईवर. तेवढ्यात उजव्या अंगानं आरोळी आली, ज्ञानू, बसून ऱ्हा. लगेच डाव्या अंगानं, उठ, उठ. दोन्हीकडनं गलका झाला. रयत झालेली पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. सर मान वळवून इकडं तिकडं बघत होते. झालं, आकारामला वाटलं, आता हसतील. आज हे हसतील आणि उद्या वर्ग हसेल. इतक्या दिवसांचा राग त्याच्या डोक्यात एकदम चढला. नाटक माझं, वाक्य माझं, आणि हा ठोंब्या जागचा हलत नाही! वही टाकून तो पडद्याबाहेर आला, ताडताड गादीपाशी गेला आणि त्यानं ज्ञानूच्या डोक्यावरचा मुकुट त्याच्या हातातनं ओढून काढला.

मग जो आवाज उठला तसा त्या जत्रेत कधी उठला नव्हता. फेटे उडाले, शिट्ट्या झाल्या, हलगी कडाडली. असल्या टाळ्यांची आकारामनं सांगलीत बसून दोन महिने स्वप्नं बघितली होती. त्यानं मान वर केली. टाळ्या सगळ्या डाव्या अंगानं येत होत्या. उजव्या अंगाला एकही हात हलत नव्हता. वरच्या आळीतलं कोणतरी नाचत ओरडत होतं, चार वर्सांनी पाळी आली, तीबी आमच्या आकारामनं हिसकली.

तेव्हा कुठं त्याला कळलं, हंबीरराव रोज तालमीला कशासाठी येत होता.

सर चौथऱ्यावर आले. डोळे पाणावले होते त्यांचे. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. "मी चुकलो. सोमवारी वर्गात सांगतो. काय जिवंत प्रेक्षक आहे हा!"

"सर, त्यांनी नाटकाला टाळ्या दिल्या नाहीत," आकाराम म्हणाला. "त्यांनी आळीला दिल्या. मी वरच्या आळीचा, तो खालच्या. त्यांना एवढंच दिसलं."

सर हसले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. नम्रता पुरे झाली म्हणाले. आकारामला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, तुमचंच खरं होतं, नाहीतर माझं खरं होतं आणि मीच ते खोटं पाडलं, पण ऐका तरी. पण सर केव्हाच खाली उतरून दुसऱ्यांशी तेच कौतुकानं बोलायला लागले होते.

तो ज्ञानूकडं वळला. ज्ञानू अजून गादीवरच बसला होता, एक हात मोकळ्या डोक्यावर ठेवून. आकारामनं मुकुट पुढं केला. ज्ञानूनं तो घेतला नाही.

"मी उठनारच हुतो रं," तो म्हणाला. "आई बघत हुती म्हनून जरा बसलो. तू दमच काढला न्हाईस."

आकारामला काही तरी बोलायचं होतं. पण तेवढ्यात हंबीरराव आणि चार पोरं मागनं आली आणि त्यांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. मला खाली ठेवा, तो ओरडला. मी राजाबिजा न्हाई, खाली ठेवा मला. त्यानं पाय झाडले, मुकुट फेकून दिला. खालनं कुणीतरी तो झेलला आणि त्याच्या डोक्यावर बसवला. हलगीच्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? वरच्या आळीनं त्याला तसाच वाजतगाजत घराकडं नेला.