तिने शिकवलेला बाण

योगिनी घरातून गेली त्याला आता दोन महिने होत आले होते, आणि तिचं काम मात्र तिच्यामागे बिनबोभाट चालू होतं. मुंबईच्या एका संस्थेने बायकांच्या आरोग्याची पाहणी इंटरनेटवर भरून घेतली होती. एकेक बाईचं उत्तर उघडायचं, त्याची पीडीएफ करायची, फोल्डरमध्ये ठेवायची आणि पुढचं उत्तर उघडायचं, असं ते काम. दोन हजार आठ सालात घरबसल्या असं काम मिळणं म्हणजे चैनच, असं मखमलाबाद रस्त्यावरच्या त्यांच्या आळीत सगळे म्हणायचे. चैन करणारीचं मनगट मात्र संध्याकाळपर्यंत भरून यायचं. मग तिनेच कुठूनसा एक प्रोग्राम आणला. माऊस एकदा हाताने फिरवून दाखवला की तो ती हालचाल टिपून ठेवायचा, आणि पुढे पडद्यावरचा बाण आपला आपण तसाच फिरत राहायचा.

"याला एकदाच दाखवायचं," ती नवऱ्याला, गोरक्षला, म्हणाली होती. "मग मी नसले तरी चालेल. तुम्ही नुसतं चालू करून द्या."

त्या वाक्यात काही होतं का, हे गोरक्षला अजूनही कळत नव्हतं. त्यानंतर चारेक दिवसांनी ती भरदुपारी पायात चपला सरकवून बाहेर पडली, आणि परतली नाही. पोलीस चौकीतल्या साहेबांनी विचारलं, घरात काही झालं होतं का. तो म्हणाला, काहीच नाही. खोटं बोलला नाही बिचारा. त्याला खरोखरच काही आठवत नव्हतं. त्र्यंबकच्या धर्मशाळेत तशी बाई दिसली म्हणून कोणी सांगितलं, तेव्हा तो धावत गेला आणि कुणा परक्या बाईचा चेहरा पाहून परत आला. ती का गेली, एवढं जरी कळलं असतं तरी शोधायला एखादी दिशा मिळाली असती.

सकाळी फुलबाजारातला हारांचा धंदा आटोपला की तो येऊन संगणक चालू करायचा आणि समोर बसायचा. बसायची काही गरज नव्हती. पण तो बाण म्हणजे तिचाच हात होता, घरात तिचं तेवढंच काय ते हलत होतं, आणि ते पाहिल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

असंच बघता बघता एक दिवस त्याच्या लक्षात आलं, की पान खाली सरकताना एका प्रश्नाशी बाण थांबतो आणि स्वतःभोवती छोटासा वळसा घेतो. तो वळसा त्याच्या ओळखीचा होता. हार करताना योगिनी प्रत्येक शेवंती बोटांत एकदा फिरवून बघायची. वरून टवटवीत पण आतून गेलेलं फूल तिला तेवढ्यावरून कळायचं, आणि ती काही न बोलता ते बाजूला टाकायची. त्याने वाकून प्रश्न वाचला. 'तुम्हाला बरं नसलं, तर न सांगता घरात कोणाच्या लक्षात येतं का?'

त्याने तो पुन्हा एकदा वाचला. पण शिकवताना ती एकदा तिथे थांबली असेल, म्हणून बाणही थांबतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. ती समजूत दुपारपर्यंत टिकली. दुपारी त्याला दिसलं, की बाण प्रत्येक वेळी थांबत नव्हता. जिने 'हो' म्हटलंय, तिच्या पानावरून तो सरळ पुढे जायचा. जिने 'नाही' म्हटलंय, तिच्याशी थांबायचा, वळसा घ्यायचा, आणि मगच पीडीएफच्या बटणाकडे वळायचा.

गावातल्या द्वारका चौकात कारभारी नावाच्या त्याच्या मित्राचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. गोरक्षने त्याला गाठून विचारलं.

"भाऊ, त्याला कुठं डोळे हायेत?" कारभारी म्हणाला. "पानावर काय लिवलंय ते त्याला दिसत नाय. हात जसा फिरला तसाच फिरनार, बास." मग गोरक्षच्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "वहिनींचा काही पत्ता?"

नकारार्थी मान हलवून गोरक्ष घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने पाहणीचा कोरा फॉर्म उघडला आणि योगिनीच्या नावाने भरायला घेतला. तिला बरं नव्हतं हे आपल्याला आता कळलंय, एवढंच त्याला तिला सांगायचं होतं. आणि सांगायला ती एकच जागा उरली होती. झोप लागते का? ठाऊक नव्हतं. दुखतं कुठे? पाठ की पोट, आठवेना. बारा वर्षांच्या संसारातल्या एकेका प्रश्नाला तो अंदाजाने उत्तर देत गेला, आणि शेवटी त्या प्रश्नाशी आला. त्याने 'हो'समोर खूण केली आणि फॉर्म पाठवून दिला.

मग त्याने बाण चालू केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. रांगेतली उत्तरं एकामागून एक फोल्डरमध्ये जाऊन पडत होती. योगिनीचं नाव आलं, पान खाली सरकलं. 'हो' होतं, तेव्हा बाण सरळ निघून जायला हवा होता. तो थांबला. त्याने गोरक्षच्या 'हो'भोवती सावकाश एक वळसा घेतला.

"गोरक्षा, जेवून घे रे बाबा," आतून आई, सगुणाबाई, म्हणाल्या. "भाकर निवून चालली."

पीडीएफच्या बटणाकडे बाण गेलाच नाही. ते पान तसंच बाजूला सारून बाणाने पुढच्या बाईचं उत्तर उघडलं.