समस्त ग्रामस्थांचा रोट

भिकुबाईनं घरची कानबाई संग्रहालयाला देऊन टाकली, तेव्हा अख्खं ब्राह्मणपुरी गाव तोंडात बोट घालून बसलं. देवी का कुणी देतं? मोट देतात, पितळी हंडा देतात. बंद पडलेला रेडिओ तर लोक हौसेनं देतात, तेवढीच घरातली अडगळ कमी. पण चांदीचे डोळे लावलेलं, नथ घातलेलं, सासूच्या सासूपासून पूजलेलं ते नारळ उचलून हेमराज गुरुजींच्या हवाली करायचं म्हणजे जरा अतीच झालं.

बोलायला लोकांचं काय जातं! श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवायची तर रोट हवा, आणि रोटाचा कायदा मोठा कडक. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाची मूठ टाकायची, धुतलेल्या चक्कीवर ते गहू दळायचे, त्या पिठाच्या पुरणपोळ्या करायच्या आणि त्या भाऊबंदांनीच संपवायच्या. परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये, उरलेलं टाकता कामा नये. लग्न झालेली लेकसुद्धा परकीच. आता भिकुबाईचा नवरा उखा देवाघरी गेलेला, मुलगा झालाच नाही, आणि दीर झिपरू सुरतेत स्वतःची वेगळी कानबाई मांडून मोकळा. गेल्या साली म्हातारीनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं मूठ टाकली आणि शिळ्या पोळ्या एकटीनं रडत रडत संपवल्या. अजीर्ण झालं ते वेगळंच. खायला माणूस नाही त्या घरात देवी उपाशी ठेवण्यापेक्षा चार लोकांच्या नजरेपुढे राहू दे, असं म्हणून तिनं काळजावर दगड ठेवला.

हेमराज गुरुजींनी निवृत्त झाल्यावर जुन्या शाळेच्या दोन खोल्यांत हे संग्रहालय थाटलं होतं. माणूस भला, फक्त पाट्या लिहायचा भारी नाद. यंदा कानबाईच्या रविवारी त्यांनी संग्रहालयातच कार्यक्रम ठेवला. बायकांनी यावं, कानबाईची गाणी म्हणावीत, माहेरी आलेल्या लेकींनी जुन्या वस्तू पाहाव्यात.

यंदा रोट करायचा नाही, हे भिकुबाईचं पक्कं ठरलं होतं. पण गावातली चक्की धुतल्याचं कानावर आलं आणि तिचा जीव घरात थाऱ्यावर राहीना. गहू निवडून तिनं सूप पुढ्यात घेतलं, मूठ भरली, आणि हात तसाच अधांतरी राहिला. नाव कुणाचं घ्यायचं? उखाला आता तिकडे तरी सुखानं राहू द्यावं. मग तिच्या तोंडून आपसूकच नाव निघालं, "चेतना." मूठ पडली. भिकुबाईनं दचकून मागंपुढं पाहिलं. लेकीच्या नावानं मूठ टाकलेली खानदेशात कुणी ऐकली नव्हती.

चेतना तिची एकुलती एक. विसरवाडीच्या नाक्यावर नवऱ्याचं टायरचं दुकान. सासरी कानबाई बसवत नाहीत, त्यामुळे लग्नात अक्षता पडल्या आणि रोट सुटला तो सुटलाच. रविवारी ती बसनं आली, तर माय संग्रहालयाच्या पटांगणात निंबाखाली पुरणपोळ्यांचं फडकं सोडून बसलेली.

"खाय," भिकुबाईनं पोळी पुढं केली.

चेतनानं वास घेतला आणि हात मागं ओढला. "माय, हाऊ रोट शे?"

"शे."

"मंग माले कशी देस? मी परकी ना. मन्हं लेकरू लहान शे. देवी कोपनी तं?"

हा धडा भिकुबाईनंच लेकीला शिकवला होता. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात तिनं स्वतःच्या हातानं चेतनाच्या पुढलं रोटाचं ताट उचललं होतं. पोरीचं तोंड तेव्हा कसं झालं होतं ते भिकुबाई अजून विसरली नव्हती.

तेवढ्यात आतून गुरुजींचा खडा आवाज आला. ते बायकांना पाटी वाचून दाखवत होते. "कानबाई. दात्री, श्रीमती भिकुबाई. मालकी, समस्त ग्रामस्थ, ब्राह्मणपुरी."

भिकुबाईला वाचता येत नव्हतं. आपल्या देवीच्या पाटीवर काय लिहिलंय ते तिला आज कळलं. ती ताडकन उठून आत गेली. "गुरुजी, मन्ही देवी समस्तनी कशी व्हयनी?"

गुरुजी गडबडले. "वहिनी, मी सगळ्या पाट्यास्वर तेच लिखस. मोटवर बी तेच, कानबाईवर बी तेच. चुकनं व्हई तं पाटी बदली टाकस."

"थांबा जरा. समस्त म्हंजे कोन कोन?"

"सगळं गाव."

"लेकी बी?"

गुरुजींनी डोकं खाजवलं. "अठे जन्मनी तिले गावबाहेर कोन काढी?"

"आनी देवी गावनी, तं रोट कोना?"

रोटाचा कायदा गुरुजींनाही पाठ होता. त्यांनी कानबाईकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या चेतनाकडे पाहिलं. "गावनाच म्हना ना, वहिनी."

"मंग ऱ्हाऊ द्या पाटी," भिकुबाई म्हणाली आणि लेकीचा हात धरून तिला थेट काचेच्या पेटीपुढं आणून उभं केलं. "कोपनी तं मन्हावर कोपी. मूठ मी टाकेल शे, तुन्हा नावनी."

"मन्हा नावनी?"

"तुन्हा नावनी, चेतना."

'आत खाद्यपदार्थ आणू नयेत' ही भिंतीवरची पाटी गुरुजींनी हळूच उलटी केली. चेतनानं लहानपणी करायची तसा आ केला. मायनं घास भरवला. चावता चावता पोर हुंदके देऊ लागली आणि भिकुबाईचा ऊर इतका भरून आला, की देवीच्या पाया पडायचंही तिला सुचलं नाही. पलीकडच्या खोलीतली गाणी थांबली होती. काजल नावाची एक लेक, शिरपूरला दिलेली, पुढं आली आणि तिनं हात पसरला. "मावशी, माले बी." तिच्या मागं आणखी दोघीतिघी आल्या. बघता बघता फडकं रिकामं झालं आणि भिकुबाईच्या वाट्याला तुकडासुद्धा उरला नाही.

"तू तं उपाशीच ऱ्हायनी, माय," चेतना डोळे पुसत म्हणाली. "पुढला साल रोटना गहूनं दयन करशी तं माले बलाव. मूठ मी टाकसू."

"कोना नावनी?"

"तुन्हा."

आयुष्यभर भिकुबाईनं मुठी टाकल्या होत्या. सासऱ्याच्या, दिराच्या, नवऱ्याच्या नावानं. तिच्या नावानं मात्र आजवर कुणीच टाकली नव्हती, ना माहेरी ना सासरी. ती तिथंच, मोटेच्या शेजारी, फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावून मनसोक्त रडली. गुरुजींनी बायकांना खुणावलं, आणि पुन्हा गाणं सुरू झालं.