न भिणारी बाई

पंचफुलाने पऱ्हाटीचा भारा उचलला तसा खालून विंचू निघाला. काळाभोर, बोटाएवढा. चुलीपुढे बसलेली तिची सासू तुळसाबाई "अव माय!" करून उभीच राहिली. पंचफुलाने घाई केली नाही. चिमटीत नांगी धरून तिने तो अंगणाच्या कडेला नेला, दगडाने ठेचला आणि त्याच हातांनी पऱ्हाटी मोडून चुलीत सारली.

हे शेजारणीने, भागीरथाने, पाहिलं. भागीरथाच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत विंचवाचा साप झाला होता आणि दिवस कलेपर्यंत सापाने फणाही काढला. कोणी खरंखोटं विचारलं नाही. वस्तीला सध्या न भिणारी बाई हवीच होती, मग ती विंचवाला भीत नाही की नागाला, याची चिकित्सा कोण करतो?

त्याचं असं झालं होतं. बबनराव पाटलाचा बैल मेला आणि पाटलाने वस्तीत निरोप धाडला, बैल ओढून न्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वस्तीला आठ वर्षं होत आली होती. मेलेली ढोरं ओढणं त्याच दिवशी सुटलं होतं, आणि पाटलाला हे ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. पण हुकूम सोडायची सवय सहजासहजी सुटत नाही. बोरी अरबच्या बाजारात शिवणयंत्र घेऊन बसणारा नागोराव वस्तीचा पुढारी. त्याने "आम्ही ओढत नाही" एवढंच उलट कळवलं. बैल वावरात सडला. शेवटी पाटलाला नाकाला उपरणं लावून तो स्वतःच्याच गाडीला बांधून ओढावा लागला, आणि गाव ओट्यावर बसून बघत राहिलं. पाटलाला राग आला तो बैलाचा नाही, त्या बघण्याचा.

त्या रागाने त्याने नाल्याकडे जाणारी पांदण बंद केली. पांदण सरकारी, पण दोन्ही अंगांची वावरं पाटलाची, तेव्हा त्याच्या मते मधली वाटही त्याचीच. वस्तीची विहीर चैत्रातच आटलेली. पाणी होतं ते नाल्याच्या रेतीत खणलेल्या झिऱ्यात, आणि झिऱ्याला वाट तेवढी एकच. त्या वाटेवर बाभळीच्या काट्या येऊन पडल्या.

पहिल्या सकाळी बाया काट्यांशी थबकल्या. पाटील बांधावर काठी घेऊन उभा. पंचफुलाने घागर खाली ठेवली आणि काट्या बाजूला ओढायला लागली. पाटील धावून आला, त्याने काठी उगारली. तिने वर पाहिलं, पुन्हा काट्यांकडे पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. मारणाऱ्याला समोरच्याची भीती टेकूसारखी लागते. तो टेकू मिळेना, तशी काठी नुसतीच हवेत अवघडली. "येडी हाय ही," म्हणत पाटील निघून गेला. काट्या दुपारी परत पडल्या, सकाळी पंचफुलाने परत काढल्या. असं चाललं होतं. वस्ती तिला वाघीण म्हणू लागली.

आज संध्याकाळी नागोराव घरी आला, तो बाजेवर टेकलाही नाही.

"पंचफुला, उद्या तू म्होरं राह्य. पाटलानं बाहेरून दोन गडी आनले. कुऱ्हाडी घेऊन बसवनार हाय म्हनते. बाया भेल्या. तू म्होरं असली का येतीन त्या."

"जातो मी," पंचफुला म्हणाली. "पन मले वाघीन म्हनू नका."

"काहून?"

"वाघिनीले भेव असते, नागोरावभाऊ. मले नाही. मी गोटा हावो. गोट्यानं कोनाची काठी सोसली त त्यात नवल कायचं?"

नागोराव हसला. "मंग गोटाच राह्य. तुह्यावानी धा गोटे भेटले, त तालुका हालवून टाकीन मी."

"तुमाले गोटा पाह्यजे," ती शांतपणे म्हणाली. "माह्या सुजाताले माय पाह्यजे. तिले कोनी इचारलं?"

नागोरावाला ते कळलं नाही. पुढाऱ्यांना अशी वाक्यं सहसा कळत नाहीत. तो उद्याची वेळ सांगून गेला.

दोन वर्षांमागे तिचा मुलगा राहुल तापाने गेला, चार वर्षांचा होऊन. पंचफुला जी भिंतीकडे तोंड करून निजली ती उठेचना. खाईना, बोलेना. नागपूरला गिरणीत असलेल्या भावाने तिला तिथे नेलं. डॉक्टरने नवीनच निघालेल्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी काम केलं, हे ती कधी नाकारत नसे. ती उठली, जेवली, कापूस वेचणीला गेली. फक्त एक दिवस तिच्या लक्षात आलं, की राहुल आठवतो तो दुसऱ्या कोणाचा मुलगा आठवावा तसा. डॉक्टरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, गोळ्या सुटल्या की हेही सुटेल. त्याच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या हळूहळू सुटल्या. त्यालाही वर्ष झालं. आत जे झाकण बसलं होतं ते मात्र तसंच राहिलं. रडू नाही, हसू नाही, राग नाही. भीती तर त्या सगळ्यांबरोबर परस्पर गेली होती, तिची कोणाला उणीवही भासली नाही. उलट तिचा सत्कार व्हायला लागला होता.

सहा वर्षांच्या सुजाताला मात्र सगळं कळलं होतं. पडली, खरचटलं, की ती आईला ओलांडून आजीकडे जाई. पंचफुला ते बघे. त्याचं वाईट वाटायला हवं, हेही तिला कळे. वाटत नसे.

तुळसाबाईने भाकर थापता थापता नेहमीचं गाऱ्हाणं काढलं. "मरीमाय घरात असती त कोंबडं बोललं असतं मी तुह्यासाठी. आता कोनाले बोलू? बुद्धाले कोंबडं चालत नाही."

"आना मंग मरीमायले परत," पंचफुला म्हणाली.

"हट्! दीक्षा घेतली तवा नाल्यात टाकली ते टाकली. थुंकलेलं चाटत नाही मी." म्हातारीने भाकर तव्यावर अशी आपटली की सुजाता दचकली.

जेवण झाल्यावर नवरा, श्रावण, तिच्याजवळ येऊन बसला. अबोल माणूस.

"नको जाऊ उद्या."

"तुमाले भेव लागते?"

"लागते."

"कसं लागते जी?"

त्याने हात पोटावर ठेवला. "पोटात पानी झाल्यावानी. मंग पाय आपले राहत नाही." ती ऐकत राहिली. लहानपणी राहिलेल्या गावाची कोणी खुशाली सांगावी, तसं.

सकाळी ती पुढे निघाली. मागे बाया, कमरेवर रिकाम्या घागरी. पांदणीच्या तोंडाशी काट्यांचा ढीग कालच्या दुप्पट होता. पलीकडे ते दोन गडी, खांद्यांवर कुऱ्हाडी. पाटील बांधावर.

पंचफुलाने वाकून पहिल्या काटीला हात घातला. त्याबरोबर एका गड्याने कुऱ्हाड हाणली. ती काटीवर बसली, तिच्या हातापासून बोटभर अंतरावर. लाकूड दुभंगलं, ढलपी उडून तिच्या गालाला लागली.

ती कुऱ्हाडीच्या पात्याकडे पाहत राहिली. मग तिचे दात वाजायला लागले. वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं आणि तिचे दात वाजत होते. आधी तिला वाटलं, हिवताप आला. पाठीतून थंड काहीतरी सरकलं, कमरेची घागर बांगड्यांवर खणखणायला लागली. पोटात पाणीबिणी काही झालं नाही. पण हिवताप नव्हता तो. तिने ओळखलं.

पाटलानेही ओळखलं. "आता कशी!" तो खदखदून हसला. "भेली का नाही वाघीन?"

मागे बायांचे पाय मागे सरकल्याचं तिला ऐकू आलं.

"भेली ना, पाटील," ती म्हणाली. आवाज फाटला. "भेली!" मग ती वळली आणि हरवलेली कालवड घरी आल्याचं सांगावं तशी ओरडली, "भागीरथा, पाह्य वं, माहे हात पाह्य! मले भेव लागून राह्यलं!"

पंचफुला पुन्हा वळली, घागर खाली ठेवली आणि थरथरत्या हातांनी काटी ओढायला लागली. हात धड धरेनात. काटे तळव्यात रुतले आणि दुखलं, चांगलं कळवळण्याइतकं दुखलं. काटी हलेना. तेवढ्यात दुसऱ्या टोकाला आणखी दोन हात लागले.

"मी त रोजच भेतो," भागीरथा पुटपुटली. "तुह्याच भेवाचं काय मोठं कौतुक? वढ."

मग तिसरी आली, मग बाकीच्या. वाघिणीमागून जायला त्या बिचकत होत्या. भ्यालेल्या बाईशेजारी उभं राहायला त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. गड्याने पाटलाकडे पाहिलं. पाटील "हान" म्हणाला नाही. इतक्या जणींच्या देखत लटपटणाऱ्या बाईवर कुऱ्हाड घालायला सांगणं त्यालाही जड गेलं असेल, किंवा पांदण सरकारी असल्याचं आठवलं असेल. ढीग सरकला. बाया पार झाल्या.

झिऱ्याशी पंचफुला रेतीत मटकन बसली. भागीरथाने तिची घागर भरून दिली. भीती हळूहळू ओसरली. ती ओसरली तशी त्या भीतीमागे आणखी काहीतरी उभं असलेलं दिसलं. पंचफुलाला त्याची चाल ओळखीची होती. त्यानेच तिला भिंतीकडे तोंड करून निजवलं होतं. आताही उठता आलं असतं, घागर उचलून कामाला लागता आलं असतं, झाकण ओढून घेता आलं असतं.

"राहुल," ती म्हणाली.

बायांचे हात थांबले. दोन वर्षांत हे नाव तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं.

"नको वं काढू त्याचं नाव," भागीरथा घाबरून म्हणाली. "पुन्हा पडशीन."

"पडली त पडली."

"मंग?"

"मंग उठीन. आता गोटा होऊन नाही राहनार मी. कोनाच्या कामाचा असला तरी नाही." तिचा चेहरा वेडावाकडा झाला. "अंदर त येऊ दे त्याले. बाहेरच उभा हाय माहा लेक, कवाचा."

आणि तो आला. पंचफुलाने डोक्यावर भरली घागर घेतली आणि मोठ्याने रडत वाटेला लागली. पदर तोंडाला लावला नाही. राहुलचं नाव घेऊन, त्याच्या तापाचं, त्याच्या तोतऱ्या बोलण्याचं घेऊन ती रडत होती. पाणी हिंदकळून तोंडावरून ओघळत होतं, कोणतं कशाचं ते कळत नव्हतं. मागच्या बायांपैकी कोणीही तिला गप्प हो म्हणालं नाही.

पाटील बांधावरून उतरून आता पांदणीतच उभा राहिला होता, वाट अडवून. तिला तशी रडत येताना पाहून त्याचा चेहरा उजळला. ती आपल्याला भिऊन रडते आहे असं त्याला वाटलं. पंचफुलाने तो गैरसमज दूर करायची तसदी घेतली नाही. ती थेट त्याच्यापुढे येऊन थांबली, हुंदका गिळला.

"सरका, पाटील," ती म्हणाली. "घरी माही पोरगी हाय."

पाटील सरकला.