वायरीला बांधलेला दोरा

सकाळी नीट चालणारा कॅमेरा संध्याकाळपर्यंत रुसून बसायचा, म्हणजे घरातच कुठेतरी पाणी मुरतंय, असं सुनेचं ठाम मत झालं होतं. आठवडाभर तोच खेळ. डिव्हाइस मॅनेजर उघडावं, तर कॅमेऱ्याच्या नावापुढे पिवळं उद्गारचिन्ह. मग सीडी घाला, ड्रायव्हर पुन्हा बसवा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. एवढं करून चित्र यायचं ते धुरकट. कॅमेऱ्यापुढची चकती फिरवली की मगच आपलं नाक आपल्याला ओळखू यायचं.

लेकीच्या जन्मानंतर पहिल्यांदाच नोकरी दाराशी आली होती. काम घरूनच, पण मुलाखत कॅमेऱ्यावर, आणि चेहरा दिसला नाही तर मुलाखत रद्द. हे तिने घरात सांगितलं तेव्हा सासरे एवढंच म्हणाले होते, "म्हणजे कॉम्प्युटर दिवसभर तुलाच लागणार." सासऱ्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच. या माणसाला कॉम्प्युटरचं एवढं काय पडलंय? तेव्हापासून शंकेची पाल चुकचुकत होती.

मग तिच्या लक्षात आलं, की वायर दर वेळी कॉम्प्युटरच्या वेगळ्याच भोकात असते. आधी तिने कॅमेरा पुढच्या भोकात बसवला होता, पण वायर लोंबते म्हणून मागे हलवला. मागे चार भोकं. जागा बदलली की तो जुना कॉम्प्युटर कॅमेऱ्याला ओळखच दाखवायचा नाही, पुन्हा ड्रायव्हर मागायचा. आणि दुपारी ती लेकीला शाळेतून आणायला गेली, की घरात सासऱ्यांशिवाय चिटपाखरू नसायचं.

मुलाखतीच्या दिवशी तिने वायर योग्य भोकात लावली, तिला बारीक काळा दोरा बांधला, त्याचं टोक टेबलाला अडकवलं आणि मगच शाळेत गेली. परत आली तर दोरा तुटलेला, वायर भलत्याच भोकात.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. दोरा हातात घेऊन ती तरातरा पुढच्या खोलीत गेली. समोर गिऱ्हाईक बसलंय याचंही भान राहिलं नाही.

"बाबा, माझी नोकरी डोळ्यांत खुपते तर तोंडावर सांगा ना! असं चोरून कॅमेरा कशाला बिघडवता?"

गिऱ्हाइकाने आपली नजर भिंतीवरच्या घड्याळांकडे वळवली. सासऱ्यांचा चेहरा उतरला. ते उठून तिच्या मागोमाग आत आले. तिने धुसफुसत ड्रायव्हर बसवला. चित्र आलं, अर्थातच धुरकट. तिने हात पुढे करण्याआधी सासऱ्यांनी कॅमेरा चाचपला, चकती दोन बोटांत धरली आणि हलकेच फिरवायला लागले.

"स्पष्ट झालं की सांग."

"समोर पडद्यावर दिसतंय की!"

"तू सांग," ते म्हणाले. त्यांची मान पडद्याकडे होती, पण नजर नुसतीच कुठेतरी लागलेली.

तिने पडद्यावरून नजर काढून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"झालं," ती म्हणाली.

"जवळचं बघायला चकती उलटी फिरवावी लागते. परत सरळ करायचं राहतं माझं." ते खालच्या आवाजात बोलत होते, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. "घड्याळाचं चाक यात ताटाएवढं दिसतं. तेवढं अजून दिसतं मला. मागून वायर टेबलाच्या कडेला पोचत नाही, म्हणून पुढच्या भोकात लावतो. परत मागे लावताना कुठलं भोक ते काही दिसत नाही." मग दाराकडे कान देऊन म्हणाले, "बाहेर नको बोलूस. एवढंच काम येतं गं मला."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तोच कॉम्प्युटर वाजला. सासरे निघाले. तिने त्यांचा हात धरून त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मगच मुलाखत घेणाऱ्या बाईंना नमस्कार केला.

"चित्र छान येतंय," बाई म्हणाल्या. "घरून काम म्हणजे घरच्यांची साथ हवी. ती आहे ना?"

"आहे," सून म्हणाली. मग पुढच्या खोलीतल्या गिऱ्हाइकाला शब्द न् शब्द ऐकू जाईल इतका आवाज चढवून पुढे म्हणाली, "कॅमेरा मीच बिघडवून ठेवला होता. माझ्या सासऱ्यांनी नीट करून दिला. फार बारीक नजर आहे त्यांची."