भिंतीचा डाव

गणिताच्या सरांनी मागच्या भिंतीवरच्या खुंटीला पिशवी अडकवली, आणि खुंटी म्हणाली, "सर."

सरांचा हात तिथेच राहिला. बायको गेली त्यानंतरची रजा संपून शाळेतला हा त्यांचा पहिलाच दिवस होता आणि सातवीचा हा वर्ग त्यांना नवा होता. त्यांनी डोळे चोळून नीट पाहिलं. भिंतीला पाठ लावून एक बुटकी मुलगी उभी होती. भिंत राखाडी, तिचा गणवेश राखाडी, आणि चेहऱ्यावर चुन्याची पूड बसल्यासारखा रंग. पिशवी तिच्या खांद्यावर लोंबत होती.

"अगं बाळ, चुकलं माझं," सर म्हणाले. "मला दिसलीच नाहीस. जा, बस जागेवर."

वर्गातला गलका एकदम थांबला. सगळ्या माना मागे वळल्या. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, कुणाशी बोलताय?"

तो चेष्टा करत नव्हता. सरांचा उभा जन्म पोरांत गेला होता, चेष्टा करणारं पोर त्यांना पाठीमागूनही ओळखू यायचं. हा खरंच विचारत होता.

मधल्या सुट्टीत सरांनी कप्तानला गाठलं. धावण्याच्या संघाची कप्तान ती, आणि वर्गातलं पानही तिला विचारून हलायचं.

"तो डाव आहे सर, भिंतीचा," ती म्हणाली. "एकाला भिंत करायचं. भिंतीशी कुणी बोलायचं नाही. तिला टेकायचं, तिच्यावर दप्तरं अडकवायची. थोडे दिवस, मग सोडायचं."

"आणि मधेच कुणी बोललं तर?"

"तो भिंत."

"मग हिला अजून का सोडलं नाही?"

"हिला म्हणजे?" कप्तानच्या कपाळाला आठी पडली. "एक नवीन मुलगी होती सर. मुंगी म्हणायचो आम्ही तिला. पण ती तर शाळा सोडून गेली ना?"

मुंगी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. कप्तानची नजर तिच्यावरून ओल्या फरशीवरून चप्पल घसरावी तशी घसरली आणि खिडकीवर जाऊन थांबली.

आपल्यालाच ही पोरगी कशी दिसते, याचं उत्तर सरांना दुपारी शिक्षकांच्या खोलीत मिळालं. ते आत गेले आणि बोलणं थांबलं. माणसं वाईट नव्हती. बायको गेलेल्या माणसाशी काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं, म्हणून कुणीच बोलत नव्हतं. कुणीतरी नजर न देता चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला. सरांनी तो प्यायला. थोड्या वेळाने त्यांच्याच गुडघ्यावर कुणीतरी वह्यांचा गठ्ठा ठेवला आणि निघून गेलं.

संध्याकाळी ते मुंगीबरोबर तिच्या घरी गेले. ती रस्त्याने भिंती धरून चालत होती. मधे मोकळी जागा आली की पळत ओलांडायची.

"घरी कळलं नाही का गं कुणाला?"

"घरी आईच आहे फक्त. आधी दोन ताटं घ्यायची. मग एक उचलून ठेवायला लागली. आता घेतच नाही." मुंगी जरा हसली. "मी तिच्याच ताटात जेवते. तिला वाटतं, तिची भूक वाढलीये. शेजारच्या काकूंना सांगत होती, 'काय मेलं, खाल्लेलं अंगाला लागत नाही.'"

आई शिवणाचं काम करायची. दार उघडंच होतं. खोलीभर चिंध्या, आणि मधे मशीन. सरांनी आपली ओळख सांगितली आणि म्हणाले, "ताई, तुमच्या मुलीबद्दल जरा बोलायचं होतं."

"चुकलात तुम्ही," आई म्हणाली. "मला नाही हो मुलगी."

सरांनी दारावर लटकलेल्या राखाडी झग्याकडे बोट दाखवलं. खालची पट्टी अर्धीच दुमडलेली होती. "हा कुणाचा मग?"

"असेल गिऱ्हाइकाचा. येईल न्यायला." आईने झगा खाली ओढला आणि मांडीवर घेऊन त्याची पट्टी उगाच चाचपत बसली. "कुणी टाकलाय तेच आठवत नाही बघा. आणि कुणाला द्यायचं म्हटलं तर हात सुटत नाही. वेड लागायची पाळी आलीये मला."

"आई," उंबऱ्यातून मुंगी म्हणाली.

आईने मान वर केली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग उठून तिने दार लोटलं, सरांना आत आणि मुंगीला बाहेर ठेवून.

"वारा सुटलाय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळा प्रकार मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या कानावर घातला. भिंत झालेली मुलगी कुणाच्या गळी उतरणार नाही हे ओळखून ते एवढंच म्हणाले, की सातवीत एका मुलीला वाळीत टाकलंय. मोठ्या बाई याच शाळेत शिकल्या आणि याच शाळेत पिकल्या. त्यांना हे फार लागलं. त्यांनी लगेच फर्मान काढलं: पुढचा आठवडा मायेचा आठवडा. प्रत्येक वर्गात फलक, प्रार्थनेनंतर भाषण, आणि शेवटच्या दिवशी चांगल्या वागणुकीचं बक्षीस.

सोमवारी सर वर्गात शिरले तेव्हा शिपाईमामा ब्रश आणि खळीचा डबा घेऊन बाहेर पडत होते. मागच्या भिंतीवर मोठा पिवळा कागद चिकटवला होता. त्यावर फुलं काढली होती आणि मधे ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'सर्वांशी मायेने वागू या'. फुलांच्या खाली, एका जागी, कागद हळूहळू आत जात होता आणि बाहेर येत होता.

सर बाकांमधून धडपडत धावले आणि त्यांनी कागद टराटरा फाडला. खाली मुंगीचा चेहरा होता. पापण्या खळीने चिकटल्या होत्या.

"अहो सर, आत्ता लावलाय मी तो!" मामा दारातून ओरडले. "आधीच तिथं भिंत ओबडधोबड. दोन हात मारावे लागले!"

सरांनी रुमाल ओला करून मुंगीचे डोळे पुसले. मग वर्गाकडे वळून ते म्हणाले, "मी हिच्याशी बोलतोय. रोज बोलणार. कुणाला काय करायचं ते करा."

 सगळ्या मुलांचे चेहरे एकदम सारखेच झाले, मिटलेल्या दारांसारखे.

दुसऱ्या सकाळी सर आत आले तेव्हा कुणी उभं राहिलं नाही. त्यांनी फळ्यावर उदाहरण घातलं. मागून एक मुलगी म्हणाली, "आज सर नाहीत वाटतं." मग दंगा सुरू झाला. सर ओरडले, पण उशीत तोंड खुपसून ओरडावं तसा आवाज त्यांचा त्यांनाच ऐकू आला. शिपाईमामा आले आणि त्यांच्या बुटांवरून झाडू फिरवून गेले. सरांनी हाताकडे पाहिलं. नखांपासून राखाडी रंग वर चढत होता.

ते मागे जाऊन मुंगीशेजारी उभे राहिले. दुसरीकडे जावंसंच वाटेना.

"घाबरू नका सर," मुंगी म्हणाली. "सुरुवातीलाच अवघड जातं. नंतर काही वाटत नाही."

"तेच तर वाईट," सर म्हणाले.

"कालपासून माझे पाय सुटत नाहीयेत, सर. रात्री घरी गेले नाही मी."

सर वाकले. तिच्या बुटांच्या टाचा भिंतीत गेल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. भिंत हलेल तर टाच हलेल, असं झालं होतं.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला आणि कप्तान एकटीच परत आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मुंगीला टेकून खाली बसली. भिंतीला कान असतात म्हणतात, पण पोरांना त्याची फिकीर नसते. ती गुडघ्यात तोंड घालून पुटपुटायला लागली.

"आज नवीन भिंत ठरवणार आहेत. सगळे माझ्याकडे बघतायत. त्या मुंगीने मला शर्यतीत हरवलं म्हणून मी हा डाव मांडला, आणि आता माझ्यावरच..." ती हुंदके द्यायला लागली.

सरांनी मुंगीकडे पाहिलं. एवढं सोसल्यावर ती हसली असती तरी त्यांनी तिला दोष दिला नसता.  मुंगीने एक हात भिंतीतून सोडवला, चुना भुरुभुरु खाली पडला, आणि तो हात कप्तानच्या डोक्यावर ठेवला.

"रडू नकोस गं."

कप्तान ताठ झाली. तिने ऐकलं होतं. दाराबाहेर तिच्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांच्या सावल्या फरशीवर पडल्या होत्या. न बोलता उठून बाहेर गेलं की आपण सुटलो, हे तिला कळत होतं.

"मुंगी?" ती म्हणाली. "तू गेली नाहीस?"

घंटा झाली. पोरं आत आली. "कप्तान कुठे गेली?" तिची मैत्रीण म्हणाली.

"इथेच आहे गं," भिंतीजवळून कप्तान म्हणाली.

मैत्रीण भिंतीकडे बघत राहिली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "इथे म्हणजे कुठे?" तिने विचारलं, आणि विचारल्यावर तिला कळलं की आपण भिंतीशी बोललो.

मग तीही दिसेनाशी झाली आणि त्याच वर्गातला तिचा जुळा भाऊ तिला हाका मारत शोधायला लागला. त्याला त्याच्या बाकावरच्या दोस्ताने हाक मारली. एकेक करून बाकं रिकामी होत गेली आणि भिंत भरत गेली. शेवटी पहिल्या बाकावरचा मुलगा एकटा उरला. रिकाम्या वर्गात तो थोडा वेळ बसला. मग रडवेल्या आवाजात म्हणाला, "मला पण घ्या ना."

भिंतीला आता इंचभर जागा नव्हती. "ए, पाय काढ," कुणीतरी म्हणालं. "माझ्या पायावर उभा आहेस."

"तूच पोट आत घे, ढोल्या!"

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले, कारण आता भिंतीबाहेर ज्याला भ्यावं असं कुणी उरलंच नव्हतं.

हसण्याचा आवाज ऐकून मोठ्या बाई धावत आल्या. दारात त्यांचे पाय थबकले. आवाज वर्गभर, आणि वर्गात चिटपाखरू नाही. त्यांच्या मागे मामा येऊन उभे राहिले.

"बाई," मामा हळूच म्हणाले, "दार लावून घेऊ का?"

मोठ्या बाईंनी चौकट घट्ट धरली. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला होता. पण त्या हलल्या नाहीत. "नको," त्या म्हणाल्या, आणि रिकाम्या वर्गाला त्यांनी विचारलं, "कोण कोण आहात रे तिथे?"

"आम्ही, बाई!" सगळी भिंत एकदम ओरडली.

चुन्याचा लोट उठला. सगळे खोकत, शिंकत पुढे आले, आणि सगळ्यांत शेवटी, बुटांच्या टाचांचं चामडं भिंतीत ठेवून, मुंगी आली.

सगळे बाहेर मैदानात आले तेव्हा फाटकापाशी तिची आई उभी होती. "कशाला आले तेच कळत नाही," ती कुणाला तरी सांगत होती. "मशीन चालू होतं, आणि पाय आपले इकडे वळले."

"आई," मुंगी म्हणाली.

आईने पाहिलं. पाहतच राहिली. मग तिने मुंगीच्या पाठीत एक धपाटा घातला, तिला पोटाशी धरलं आणि ओरडली, "किती उशीर गं कार्टे! जीव टांगणीला लागतो माणसाचा!"

मुंगीने आईच्या काखेतून तोंड बाहेर काढलं. "मोठ्या बाई, भिंतीत माझ्या डाव्या बाजूला अजून एक मुलगी आहे, तुमच्या वेळची. खूप आत आहे. ती अधूनमधून तुमची चौकशी करते."

 मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि त्या मागे फिरल्या.

सर त्यांच्या मागोमाग गेले. त्यांनी एक बाक भिंतीपाशी ओढून दिलं आणि ते दारात थांबले. मोठ्या बाई बसल्या.  त्या काहीबाही सांगू लागल्या. पोरं किती दंगा करतात, पायऱ्या चढताना गुडघे कसे कुरकुरतात, फळा आता हिरवा झालाय. सरांना भिंतीतून काही ऐकू येत नव्हतं. पण मोठ्या बाई मधेच थांबल्या, समोरचं माणूस बोलत असताना त्याचं बोलणं तोडू नये म्हणून आपण थांबतो, तशा.